ठिपके, काळी रेघ आणि ‘धडाम’ : मुलांसाठीच्या पॉप आर्ट कार्यशाळेचे परीक्षण

पुण्यात कोथरूड परिसरातील एका छोट्या चित्रवर्गात मुलांना कॉमिक्सच्या शैलीतील पॉप आर्ट, म्हणजे रोजच्या छापील चित्रांनाच कलेचा विषय करणाऱ्या शैलीतील, चित्रे काढायला शिकवणारी कार्यशाळा भरते. चार रविवार, दर रविवारी सकाळी अडीच तास, वयोगट आठ ते तेरा, शुल्क अडीच हजार रुपये आणि त्यातच रंग, ब्रश, स्पंज व कॅनव्हास बोर्ड धरलेले, असे तिचे स्वरूप आहे. माझी मुलगी पाचवीत शिकते. तिला मी या कार्यशाळेत घातले आणि पालकांना मागे बसण्याची मुभा असल्यामुळे शिकवणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळून पाहता आले. माझे मत आधीच सांगते : ही कार्यशाळा मुलांना पाठवण्याजोगी आहे, आणि तिचे मोठे मोल ठिपक्यांच्या तंत्रापेक्षा त्याआधीच्या कामात आहे. गोष्टीतला एकच क्षण निवडायचा, त्यातले अनावश्यक ते काढून टाकायचे आणि उरलेले मोठे, ठळक करून मांडायचे, हे ती मुलांना शिकवते. जिथे ती हे मन लावून शिकवते तिथे ती फार चांगली आहे. जिथे घाईने तयार आराखडा मुलांच्या हाती देते तिथे ती रंगभरणाच्या वहीहून वेगळी राहत नाही.

पहिल्या रविवारी कुणीही रंगाला हात लावला नाही, आणि हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटला. शिक्षिकेने, ज्यांना सगळी मुले ताई म्हणतात, प्रत्येक दोघांमध्ये एक भिंग आणि वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचे एक रंगीत पान दिले. नुसत्या डोळ्यांना नितळ दिसणारा चेहऱ्याचा रंग भिंगाखाली गुलाबी, पिवळ्या आणि निळसर ठिपक्यांत विखुरला, तेव्हा वर्गात जो कल्लोळ झाला तो थांबवण्याची घाई ताईंनी केली नाही. छापखान्यात मोजक्या चार शाई असतात, फिका रंग हवा असेल तर ती शाई पातळ करता येत नाही, म्हणून तिचे लहान ठिपके पांढऱ्या कागदावर अंतराने छापतात आणि उरलेले मिश्रण आपला डोळा करतो, हे त्यांनी सांगितले. पण सांगण्याआधी मुलांना पाहू दिले. एका मुलाने पान हळूहळू दूर नेत ‘आता ठिपके गेले’ असे जाहीर केले. मग सर्वांनी आपापल्या पानाचे ते अंतर पावलांनी मोजले. ठिपका जितका मोठा तितके लांब जावे लागते, हे त्यांना सांगावे लागले नाही, आणि पुढे कॅनव्हासवर ठिपक्याचा आकार ठरवताना हीच समज त्यांच्या कामी आली.

त्यानंतर रॉय लिक्टेनस्टाइनची ओळख झाली. १९२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा चित्रकार न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या महाविद्यालयात शिकवत असताना, १९६१ मध्ये, ‘लुक मिकी’ या चित्रातून कॉमिक्सच्या भाषेकडे वळला. स्वस्त छपाईतील ज्या ठिपक्यांकडे वाचक लक्षही देत नसत, तेच त्याने हाताने, मोठ्या आकारात रंगवले. या ठिपक्यांना बेन-डे ठिपके म्हणतात, कारण ती पद्धत बेंजामिन डे या अमेरिकी छपाईतज्ज्ञाने १८७९ मध्ये आणली. ‘लुक मिकी’मधले ठिपके उमटवताना लिक्टेनस्टाइनने कुत्र्याचे केस विंचरायचा प्लॅस्टिकच्या दातांचा ब्रश रंगात बुडवून वापरला होता, आणि ते ठिपके जवळून पाहिले तर असमान दिसतात. ही गोष्ट ताईंनी सांगितली याचा मला विशेष आनंद झाला, कारण त्यामुळे पहिल्या दिवशी मुलांच्या मनातली परिपूर्णतेची भीती कमी झाली. तंत्र पुढे सुधारते, त्याने पुढे छिद्रांच्या पत्र्याचे साचे वापरले, पण सुरुवात हाताशी असलेल्या वस्तूने होऊ शकते, हे मुलांनी एका खऱ्या उदाहरणातून ऐकले.

या कार्यशाळेचा गाभा मात्र दुसऱ्या रविवारी उलगडला. ताईंनी ‘ड्राउनिंग गर्ल’ या १९६३ च्या चित्राची छापील प्रत भिंतीवर लावली आणि शेजारी ज्या कॉमिक्सच्या चौकटीवरून ते घेतले ती मूळ चौकट लावली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रेमकथांच्या मासिकातील त्या चौकटीत बुडणारी मुलगी आहे, तिच्यामागे उलटलेली नाव आहे आणि त्या नावेला धरून असलेला तिचा मित्रही आहे. लिक्टेनस्टाइनने मित्र काढून टाकला, नाव काढून टाकली, लाटा मुलीच्या भोवती आवळत आणल्या आणि संवादही बदलला. ताईंनी या बदलांची यादी सांगितली नाही. काय काय गेले ते मुलांना शोधायला लावले. मुलांनी सर्व वगळलेल्या गोष्टी शोधल्या, आणि मग एका मुलीने विचारले, ‘ताई, नाव काढली तर ती बुडतेय हे कळणार कसं?’ ताई म्हणाल्या, ‘अगं, तूच सांग बरं, तुला कळतंय की नाही?’ थोडा वेळ पाहून ती म्हणाली की कळते, कारण आता पाणी सगळीकडे आहे. चित्रातून वस्तू काढल्याने अर्थ कमी होण्याऐवजी वाढू शकतो, हा रचनेचा अवघड धडा दहा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितला. कलाशिक्षणाकडून मला याहून अधिक काही नको आहे.

याच धड्याला जोडून मुलांना पुठ्ठ्याचे काटकोनात कापलेले दोन तुकडे दिले गेले. ते एकमेकांवर सरकवून हवी तेवढी चौकट लहानमोठी करता येते. प्रत्येकाने घरून आपल्या रोजच्या जगण्यातल्या एका नाट्यमय क्षणाचे साधे पेन्सिलचित्र आणायचे होते. कुणी क्रिकेटच्या चेंडूने फुटलेली खिडकी आणली, कुणी वाऱ्याने उलटी झालेली छत्री, कुणी कॅरमच्या पाटावर राणीच्या मागे जाणारा स्ट्रायकर, आणि एकाने प्रेशर कुकरची तिसरी शिट्टी होताच गॅसकडे झेपावणारी आजी. ही चित्रे संपूर्ण होती : स्वयंपाकघर, ओटा, खिडकी, भिंतीवरचे कॅलेंडर, दारात उभा असलेला भाऊ. त्यावर पुठ्ठ्याची चौकट सरकवत जायचे आणि जिथे क्षण सर्वांत ताणलेला दिसेल तिथे थांबायचे. कुकरच्या चित्रात शेवटी फक्त शिट्टी, वाफ आणि आजीचा बांगड्या घातलेला हात उरला. त्या मुलाने आजीचा चेहरा सोडायला आधी ठाम नकार दिला होता, आणि ताईंनी त्याला तो सोडायला भाग पाडले नाही. त्यांनी दोन्ही चौकटी भिंतीवर लावल्या आणि इतर मुलांना दुरून पाहायला सांगितले. निर्णय त्याने स्वतः घेतला. ही शिकवण्याची रीत मला अतिशय मोलाची वाटते. लहान मुलांच्या चित्रकलेत मोठ्यांचा हात फार लवकर शिरतो, आणि तो आवरून धरण्यासाठी शिक्षकाकडे धीर आणि विषयाची पक्की जाण दोन्ही असावी लागते.

याच कारणाने त्या दिवशीची एक गोष्ट मला खटकली. वर्गातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना स्वतःचा विषय निवडायला न लावता तयार आराखडे देण्यात आले : मोठे डोळे, एक टपोरा अश्रू आणि वाऱ्यावर उडणारे केस असलेली मुलगी, किंवा मूठ आवळलेला हात. रेषा आधीच छापलेल्या होत्या, ठिपके कुठे द्यायचे तेही ठरलेले होते. त्यांची चित्रे नीटनेटकी झाली आणि घरी भिंतीवर लावण्याजोगीही झाली, पण सगळी एकसारखी झाली. शिवाय १९६०च्या दशकातील अमेरिकी प्रेमकथांमधली रडणारी तरुणी हा आठ वर्षांच्या मुलाचा विषयच नाही. तिच्या दुःखाशी त्याचे काही नाते नाही. लहान मुलांना चौकट निवडणे जमणार नाही ही समजूत मला मान्य नाही. त्यांच्या पेन्सिलचित्रात तपशील कमी असतात, त्यामुळे उलट त्यांचे काम सोपे व्हायला हवे. वर्गातच बसलेल्या एका लहान मुलाने आराखड्याच्या पाठीमागे आपल्या मांजरीची उडी काढली होती, आणि मला ती त्या सकाळच्या सर्वांत चांगल्या चित्रांपैकी एक वाटली.

चित्र मोठे करण्यासाठी चौकटींची जुनी पद्धत शिकवली गेली. लहान चित्रावर समान चौकोन आखायचे, बोर्डावर तितकेच पण मोठे चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनातली रेषा उचलून न्यायची, हे आपल्याकडे चित्रपटांची भव्य पोस्टरे रंगवणारे कलाकार वर्षानुवर्षे करत असत. लिक्टेनस्टाइन स्वतः लहान रेखाटन प्रोजेक्टरने कॅनव्हासवर टाकून पेन्सिलीने उतरवून घेत असे. वर्गात प्रोजेक्टर नव्हता आणि तो नसणे मला चांगलेच वाटले, कारण चौकोनांमुळे मुलांना प्रमाणाचा हिशेब करावा लागतो. एलिमेंटरी परीक्षेची तयारी करणाऱ्या मोठ्या मुलांना हा भाग सोपा गेला. त्या परीक्षेचे वर्ग आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन यांची जी शिस्त तिथे लागते तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या वर्गांतून आलेली काही मुले सवयीने प्रत्येक वस्तूला छाया देऊ लागली, तेव्हा इथे छाया नाही, सपाट रंग आहे, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. दोन्ही प्रकारची चित्रे काढणाऱ्या मुलाला दोन वेगळ्या दृष्टी मिळतात आणि तो मोठाच लाभ आहे.

तिसरा रविवार ठिपक्यांचा. ज्यांना घरी हा प्रयोग करायचा आहे त्यांच्यासाठी या दिवसाची माहिती मी सविस्तर देते, कारण बहुतेक चुका इथेच होतात. ठिपके दोन प्रकारे दिले गेले. लहान मुलांनी इअरबडचे टोक रंगात बुडवून एकेक ठिपका उमटवला. मोठ्यांनी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गोल छिद्रांचा पातळ पत्रा साच्यासारखा वापरला. पत्र्याच्या धारदार कडांना आधीच जाड चिकटपट्टी लावून घेतलेली होती, हे आवर्जून नोंदवते. पत्र्यावर ब्रश फिरवला की रंग खाली झिरपतो आणि ठिपक्यांचे डाग होतात; म्हणून स्पंजाचा लहान तुकडा रंगात टेकवायचा, जुन्या कागदावर दोन-तीनदा दाबून जवळजवळ कोरडा करायचा आणि मग पत्र्यावर सरळ वरून खाली टिपत जायचे, घासायचे नाही. पत्रा उचलताना एका बाजूने बिजागरीसारखा उचलायचा. पुढच्या भागावर ठेवण्यापूर्वी त्याची खालची बाजू पुसून घ्यायची, आणि आधीच्या ठिपक्यांची शेवटची ओळ पत्र्याच्या पहिल्या छिद्रांत नेमकी बसली आहे का ते पाहायचे. जिथे ठिपके नकोत तो भाग मास्किंग टेपने किंवा कापलेल्या कागदाने झाकायचा.

ओळींच्या मांडणीकडेही ताईंनी लक्ष वेधले. ठिपके सरळ एकाखाली एक न ठेवता, दुसऱ्या ओळीचा ठिपका पहिल्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये यावा, म्हणजे तिरक्या रांगा तयार होतात आणि डोळा एका ओळीवर अडकत नाही. इअरबडने काम करणाऱ्या मुलांसाठी पेन्सिलीने तिरक्या फिकट रेघा आखून दिल्या होत्या. ज्यांनी रेघा पाळल्या त्यांचे आकाश आकाशासारखे दिसले, आणि ज्यांनी कंटाळून मनाला येईल तसे ठिपके दिले त्यांच्या चित्रात पाऊस पडल्याचा भास झाला. ताईंनी त्यांची चित्रे चुकीची ठरवली नाहीत, पण हा फरक कशामुळे पडला हे मात्र समजावले. चेहऱ्याला तांबड्या रंगाचे लहान ठिपके, आकाशाला किंवा काचेला निळे ठिपके, बाकी पिवळा, तांबडा, निळा हे रंग सपाट आणि घट्ट, असा त्यांचा नियम होता. रंगपेटीतले जांभळे, पोपटी, तपकिरी रंग बाजूला ठेवायला लावणे मुलांना जड गेले, तरी ती मर्यादा फार आवश्यक आहे, कारण छापखान्याच्या मोजक्या शाईंतून ही दृश्यभाषा घडली आणि तिची ताकद त्या मोजकेपणातच आहे.

रंगांच्या निवडीबद्दल एक स्पष्ट शिफारस करते. या कार्यशाळेत ॲक्रिलिक रंग वापरले जातात आणि या कामाला तेच योग्य आहेत. आपल्या घराघरांत कॅमलचे पोस्टर रंग असतात, शाळेच्या चित्रांसाठी ते उत्तम आहेत, पण पोस्टर रंग वाळल्यावरही पाणी लागले की पुन्हा सुटतो. त्यामुळे पिवळ्यावर काळी रेघ ओढताना खालचा पिवळा विरघळून रेघेत मिसळतो, आणि दमट स्पंजाने दिलेले ठिपके कडेने पसरतात. ॲक्रिलिक एकदा वाळले की पाण्याने हलत नाही, त्यावर हवे तेवढे थर देता येतात आणि चूक झाली तर पांढऱ्याने झाकून पुन्हा सुरुवात करता येते. ही शेवटची सोय मुलांसाठी फार महत्त्वाची आहे. घरी पोस्टर रंगच वापरायचे असतील तर ते घट्ट ठेवावेत, पाणी कमीत कमी घ्यावे आणि काळ्या रेघांसाठी ब्रशऐवजी मार्कर वापरावा.

त्या दिवशी व्यवस्था मात्र अपुरी पडली. मुले सोळा होती आणि पत्रे चारच. ज्यांची पाळी उशिरा आली त्यांना घाई करावी लागली, त्यांचे ओले ठिपके पत्रा पुढे सरकवताना पुसले गेले, आणि वाळवण्यासाठी असलेल्या एकुलत्या एका हेअर ड्रायरपुढे रांग लागली. दोन मुले रडवेली झाली. मदतनीस म्हणून असलेला महाविद्यालयीन तरुण सौम्य आणि तत्पर होता, पण तो एकटा किती टेबलांना पुरणार? पत्रा महाग नसतो. त्याचे आणखी चार-पाच तुकडे कापून आणले असते तर सकाळचा सर्वांत आनंदाचा भाग वाट पाहण्यात गेला नसता. मी हे ताईंशी बोलले, आणि पुढच्या तुकडीत दोघांमध्ये एक पत्रा देण्याचे त्यांनी सांगितले आहे.

शेवटच्या रविवारी काळी रेघ आणि अक्षरे. काळी रेघ सर्वांत शेवटी का, याचे कारण इथे हातांनी कळते : ठिपके कडेला थोडे बाहेर गेलेले असतात, सपाट रंगांच्या कडा वेड्यावाकड्या असतात, आणि जाड रेघ ते सर्व झाकून आकार घट्ट करते. लिक्टेनस्टाइनचाही क्रम असाच असे : आधी ठिपके, मग सपाट रंग, मग काळी रेघ. घाईने आधीच बाह्यरेषा ठळक करणाऱ्या एका मुलाला ताई म्हणाल्या, ‘अरे, काळी रेघ शेवटी. ती आली की बाकीच्यांना बोलायला जागा उरत नाही.’ सगळीकडे एकाच जाडीची रेघ न ओढता ती वळणावर जाड आणि टोकाला बारीक करायला त्यांनी शिकवले. त्यासाठी मार्कर आणि बारीक ब्रश यांपैकी जे जमेल ते घ्यायची मोकळीक होती. ब्रश घेणाऱ्यांची रेघ जास्त जिवंत आली, हे माझे निरीक्षण आहे.

अक्षरांचा भाग मला संपूर्ण कार्यशाळेत सर्वांत ताजा वाटला. बहुतेक मुलांनी आधी इंग्रजी कॉमिक्समध्ये पाहिलेले आवाज रोमन अक्षरांत लिहायला घेतले होते. ताईंनी त्यांना अडवले नाही, फक्त विचारले की तुमच्या घरात काच फुटते तेव्हा आवाज कसा येतो. मग फळ्यावर खळ्ळ, धडाम, फटाक, सुईंऽऽ, भस्स, टण्ण, झप्प असे शब्द भराभर जमले. आता देवनागरीत हे आवाज कसे आकाराला आणायचे, हा खरा दृश्यप्रश्न उभा राहिला, कारण देवनागरीला शिरोरेषा आहे, काने आहेत, वेलांट्या आहेत, आणि इंग्रजी अक्षरांसाठी घडलेले फुटत्या ताऱ्यांचे साचे तिला तसेच्या तसे बसत नाहीत. मुलांनी काढलेली उत्तरे पाहण्यासारखी होती. ‘खळ्ळ’ची शिरोरेषा फुटलेल्या काचेसारखी तुकड्यांत मोडली गेली. ‘सुईंऽऽ’मधला उकार आणि अवग्रह कुकरच्या वाफेबरोबर चौकटीच्या बाहेर वळत गेले. ‘धडाम’मधला काना जमिनीत रुतल्यासारखा खाली लांबला. कुणा प्रसिद्ध चित्राची नक्कल न करता एका परक्या शैलीचे तंत्र आपल्या लिपीशी असे जोडले जाणे, हे मला या कार्यशाळेचे सर्वांत मोठे यश वाटते. दुर्दैवाने या भागाला जेमतेम पाऊण तास मिळाला. तिसऱ्या रविवारची घाई टळली असती तर अक्षरांना पूर्ण सकाळ देता आली असती.

शिकवण्यात एक मोठी उणीव राहिली, आणि ती माझ्या मते भरून काढायलाच हवी. मूळ चौकट भिंतीवर लावली गेली, पण ती कुणी काढली होती हे सांगितले गेले नाही. ‘ड्राउनिंग गर्ल’मागची चौकट टोनी अब्रुझो या चित्रकाराची आहे. लंडनच्या टेट संग्रहालयातील ‘व्हॅम!’ हे लिक्टेनस्टाइनचे चार मीटरहून अधिक रुंद चित्र १९६३ चे, आणि त्यामागे अर्व्ह नॉव्हिक यांनी एका युद्धकॉमिक्ससाठी काढलेली चौकट आहे. हे चित्रकार त्या काळी छापखान्याच्या मुदतीत पानामागून पाने काढत होते आणि त्यांची नावे बहुधा कॉमिक्समध्येही छापली जात नसत. त्यांच्या चौकटी संग्रहालयांत पोहोचल्या आणि जगभर पाहिल्या गेल्या, पण नाव दुसऱ्याचे झाले, ही तक्रार त्यांच्यापैकी काहींनी आणि अनेक समीक्षकांनी उघडपणे केली आहे. लिक्टेनस्टाइनने रचना बदलल्या, आकार बदलला, अर्थ बदलला, हे खरे. तरीही घेतले कुणाकडून हे सांगणे मुलांना शिकवायलाच हवे. ज्या वयात मोबाइलवर चित्र शोधून उतरवून काढणे इतके सोपे झाले आहे, त्या वयात चित्राच्या पाठीमागे ‘मूळ चित्र अमुक यांचे’ असे लिहिण्याची सवय लागली तर ती आयुष्यभर टिकेल. यासाठी दहा मिनिटे पुरेशी आहेत.

त्याच दहा मिनिटांत आपल्याकडच्या कॉमिक्सची ओळखही सहज होईल. ‘व्हॅम!’ रंगवले गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि वेताळ (इंग्रजीतला फँटम) मराठीतही घरोघरी पोहोचला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्र कथा आणली. ‘टिंकल’ मासिकातल्या ज्या सुप्पंडीवर आजही मुले हसतात तो राम वाईरकर यांच्या रेघेतून आला. आणि मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खर यांनी त्याच दशकात, बडोद्यात, बाजारात मिळणारी देवादिकांची स्वस्त छापील चित्रे आपल्या कोलाजमध्ये वापरली, म्हणजे रोजच्या छापील चित्राला कलेत जागा देण्याचा विचार आपल्याकडेही त्याच काळात आकार घेत होता. जुन्या इंद्रजालचा एखादा अंक भिंगाखाली ठेवला तर पहिल्या रविवारचा धडा किती जवळचा होईल! अनेकांच्या माळ्यावर असे अंक असतात, आणि पालकांना ते आणायला सांगितले तर ते आनंदाने आणतील याची मला खात्री आहे.

शुल्काबाबत माझी तक्रार नाही. दहा तासांचे शिकवणे, चांगले ॲक्रिलिक रंग आणि दहा बाय बारा इंचांचा कॅनव्हास बोर्ड यांच्या मानाने ते रास्त आहे, जरी बोर्ड थोडा मोठा असता तर पत्र्याचे ठिपके अधिक खुलले असते. बाजारात आकडे छापलेले ‘पॉप आर्ट’ संच मिळतात. त्यांत कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा ते ठरलेले असते आणि त्यातून हाताला थोडी सफाई येते, त्यापलीकडे मला त्यांत काही दिसले नाही.

शेवटी वर्गाच्याच भिंतीवर प्रदर्शन मांडले होते. पालकांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करून मग जवळ बोलावले गेले, म्हणजे ठिपके आधी रंग म्हणून आणि नंतर ठिपके म्हणून दिसावेत. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रातून काय काढून टाकले ते सांगायचे होते, चित्रात काय रेखाटले आहे ते नव्हे. माझ्या मुलीने उलटलेल्या छत्रीच्या चित्रातून स्वतःलाच वगळले होते आणि त्याचे कारण तिने न अडखळता सांगितले. ज्यांना तयार आराखडे मिळाले होते त्या लहान मुलांना या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, आणि तो दोष त्यांचा नव्हता.

माझ्या मते ही कार्यशाळा नऊ वर्षांपुढच्या मुलांना सर्वांत जास्त देईल. त्याहून लहान मूल पाठवायचे असेल तर नाव नोंदवतानाच त्याला स्वतःचा विषय निवडू द्यावा असे आवर्जून सांगावे. मी हे सुचवले तेव्हा ताईंनी ते मनापासून ऐकून घेतले. मुलाने पहिल्या दिवशी येताना घरातले जुने कॉमिक्स किंवा ‘किशोर’चा एखादा जुना अंक सोबत आणला तर उत्तम. ॲक्रिलिक कपड्यावर वाळले की धुऊन निघत नाही, म्हणून शेवटच्या दोन रविवारी जुना शर्ट घालून पाठवावे. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होणार आहे आणि त्या वेळी मुलांची संख्या बारापर्यंत मर्यादित ठेवण्याचे ठरले आहे.